जावईबापूंचं आउटबॅक

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. आई त्यांना जावईबापू म्हणायची, म्हणून मीही इथे तेच म्हणते. मनातल्या मनात मी त्यांना जे म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही.

हैदराबादेत नव्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्या वर्षांत ते बदली घेऊन इकडे आले आणि आल्या आल्या त्यांनी आम्हाला सुधारायला घेतलं. आम्ही तारनाक्याला राहायचो. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, आई घरी, आणि मी, लग्न न केलेली थोरली, विद्यापीठाच्या लायब्ररीत नोकरीला. आमचं मूळ गाव जुन्या निजामी मुलखातलं, शेतीवाडीचं. बाबांच्या मराठीत गावाकडची बोली, दखनी आणि तेलुगू अशी काही मिसळली होती की कुठलं काय ते आम्हालाही सांगता आलं नसतं. ते 'हो' ऐवजी 'हौ' म्हणायचे. जावईबापू हसून म्हणायचे, "बाबा, हौ नाही. हो."

"हौ, हौ," बाबा म्हणायचे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कंपनीने जावईबापूंना काही महिने ऑस्ट्रेलियाला पाठवलं. तिथे ऑफिसातल्या लोकांबरोबर ते मोठ्या गाडीतून वाळवंटातून थेट समुद्रापर्यंत गेले. परत आले ते रुंद काठाची चामड्याची टोपी घालून, आणि स्लाइड्सचे दोन डबे घेऊन. त्या दिवसापासून आमच्या घरात 'आउटबॅक' हा शब्द शिरला. जिकडे माणूस नाही, रस्ता नाही, नुसती लाल माती आणि आकाश, तो मुलूख म्हणजे आउटबॅक. आईला ते एखाद्या गावाचं नाव वाटलं. "आउटबॅकला देऊळ आहे का हो?" तिने विचारलं. जावईबापूंनी ही गोष्ट पुढे सहा महिने ज्याला त्याला सांगितली, आई समोर बसलेली असतानासुद्धा. आईही हसायची. तिच्या त्या हसण्याचा मला जावईबापूंपेक्षा जास्त राग यायचा.

मग त्यांनी जीप घेतली. तेव्हा बँका कर्ज द्यायला दारात येऊन उभ्या राहत होत्या आणि जावईबापूंसारखी माणसं दार उघडत होती. चारही चाकांना जोर मिळणारी जीप. मुद्दाम मागून घेतलेला हिरवट खाकी रंग. घरी कुणीही पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी खाली पार्किंगमध्ये नेऊन जीप दाखवायचे. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक चकती होती. ती हाताने फिरवून लॉक करायची आणि मग आतला लहान दांडा ओढायचा, म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळतो. हे प्रात्यक्षिक मी स्वतः तीनदा पाहिलं. माझ्या बहिणीने किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे.

संक्रांतीच्या सुट्टीत समुद्र बघायला जायचं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. डायनिंग टेबलावर नकाशा पसरून त्यांनी बोट फिरवलं. "श्रीशैलमच्या रस्त्याने निघायचं, नल्लमलाच्या जंगलात शिरायचं, आतल्या वाटांनी डोंगर उतरायचा आणि चिराल्याजवळ समुद्र गाठायचा. हायवे नाही. हायवेने कुणीही जातं."

"चिराल्याला ट्रेन हाय की," बाबा म्हणाले.

"बाबा, पोचणं हा मुद्दाच नाहीये."

"मग निघायचं कशाला?" मी विचारलं. बहिणीने टेबलाखाली माझा पाय दाबला.

मी जाणार नव्हते. पण आईबाबांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. रेल्वेत नोकरी करूनही बाबा कधी त्या बाजूला गेले नव्हते, सुट्टी मिळाली की गाव, नाहीतर कुणाचं लग्न. आणि निघायच्या आधी बहीण एकटीच घरी आली, लायब्ररीतून मी यायची वाट बघत बसली आणि म्हणाली, "ताई, तू चल ना ग. तू असलीस की तो जरा जपून बोलतो." मी बॅग भरली.

पहाटे न निघता चांगलं ऊन वर आल्यावर निघालो, कारण गाडीच्या टपावर सामान बांधण्यातच सकाळ गेली. डिझेलचे डबे, फावडं, बेगम बाजारातून आणलेला दोरखंड. जहाज ओढायचं असल्यासारखा जाड होता तो. बाटलीबंद पाण्याचा अख्खा खोका, कारण वाटेत कुठलंही पाणी प्यायचं नव्हतं. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. "आई, गाडीत खायचं नाही हं," जावईबापू म्हणाले, "सीट नवीन आहेत." आईने डबा पायाशी सरकवला. पुढे नकाशा मांडीवर घेऊन बहीण, मधल्या सीटवर बाबा, आणि मागच्या आडव्या बाकांवर समोरासमोर आई आणि मी. जावईबापूंनी टोपी घातली होती आणि वर दहा-बारा खिशांचं खाकी जाकीट. खिशांत काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

जंगलाच्या नाक्यावर फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाने आमची गाडी पाहून ताडकन सलाम ठोकला. जावईबापू आरशातून आमच्याकडे बघत म्हणाले, "पाहिलंत? रिस्पेक्ट." फाटकवाल्याने तेलुगूत बजावलं की मोठा रस्ता सोडू नका, दिवस चांगले नाहीत. बाबांनी ते मराठीत सांगितलं. जावईबापू "येस येस" म्हणाले आणि थोडं पुढे जाऊन डावीकडच्या कच्च्या रस्त्याला लागले.

सागाची पानं गळलेली, खाली लाल धूळ, वर कोरडं निळं आकाश. जागा सुंदर होती, ते मी नाकारत नाही. जावईबापू सांगू लागले की आता इथून पुढे माणूस नाही, आता खरं आउटबॅक सुरू. हे वाक्य पुरं व्हायच्या आत समोरच्या वळणावरून सरकारी लाल बस आली. टपावर गाठोडी, सायकली आणि एक बोकड. रस्ता एकाच गाडीपुरता. बस काही मागे जाईना. शेवटी आमच्या जीपला उलटं जाऊन करवंदीच्या जाळीत शिरावं लागलं. खिडकीतल्या बायका आमच्याकडे बघत गेल्या. एकीने आईला विचारलं, "कुठं निघालात?" आणि आईनेही हात हलवून सांगितलं, "समुद्राला!"

मी हसले. मोठ्याने हसले. जावईबापू माझ्यावर चिडू शकत नव्हते, म्हणून बहिणीवर चिडले. "तुला नकाशा कशाला दिलाय मांडीवर? बसचा रूट आहे हे कळत नाही?"

नकाशावर बस नसते. तिने नकाशा नीट घडी करून पुन्हा उघडला.

बसने अपमान केला म्हणून जावईबापूंनी तो रस्ताही सोडला आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या दिसत होत्या त्या वाटेला लागले. जिथे बस जात नाही तिथूनच आता जायचं होतं. तासभर आपटत गेल्यावर झाडीत एक वस्ती लागली. आठ-दहा गवती झोपड्या, शेणाने सारवलेलं अंगण, मधे चिंचेचं झाड. तिथे कुणीच नव्हतं. जावईबापूंनी गाडी थांबवली, उतरले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले.

"ओस पडलेलं गाव," ते म्हणाले. "व्हॉट अ प्लेस!" आणि कॅमेरा काढला.

ओस पडलेलं गाव नव्हतं ते. एका अंगणात तीन दगडांच्या चुलीवर भात रटरटत होता, उतू जाऊन निखारे चरचरत होते. दुसऱ्या दारात अर्धी विणलेली टोपली पडली होती, तिच्या कामट्या अजून ओल्या होत्या. कोंबड्या फिरत होत्या. बहिणीने जाऊन पदराने धरून भाताचं मडकं खाली उतरवलं. जावईबापू झोपडीत डोकं घालून फोटो काढत होते.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या झोपडीतून एक म्हातारी आली. तिला चालता येत नव्हतं, ती बसूनच पुढे सरकत होती. तिने आमच्याकडे न बघता दोन्ही हात जोडले आणि तेलुगूत एकच वाक्य म्हणत राहिली, "इथं कुणी नाही, बाबू. कुणी येत नाही. आम्ही कुणाला जेवायला घालत नाही."

बाबा झटकन तिच्यासमोर उकिडवे बसले. "अम्मा, आम्ही पोलीस नाही. समुद्र बघायला चाललोय."

म्हातारीने पहिल्यांदाच मान वर केली. तिने जीपकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, खाकी जाकिटाकडे बघितलं. "समुद्राला जायला रस्त्यावरून बस मिळते," ती म्हणाली आणि पुन्हा हात जोडून आधीचंच वाक्य म्हणायला लागली.

बाबा उठले. जावईबापूंशी ते कधी त्या आवाजात बोलले नव्हते. "चला. आत्ता निघा इथून."

"एक मिनिट, बाबा, हा लाइट..."

"चला म्हणलं न्हवं!"

आईने जाता जाता म्हातारीपुढे दशम्यांचा डबा ठेवला. म्हातारीने तो घेतला नाही. आईने अर्ध्या दशम्या काढून जोत्यावर कागदावर ठेवल्या आणि डबा परत घेतला. मला तेव्हा आईची लाज वाटली. नंतर वाटलं, निदान तिला काहीतरी करावंसं वाटलं.

वस्तीपासून थोड्याच अंतरावर कोरडी नदी होती. पलीकडे वाट दिसत होती. जावईबापूंनी न थांबता गाडी वाळूत घातली. मधोमध पोचलो आणि मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. त्यांनी जोर वाढवला. वाळूचे फवारे उडाले, जळका वास आला आणि जीप पोटावर बसली. आम्हाला सगळ्यांना उतरवून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खोल गेली. मग ते हॉर्न वाजवत बसले. लांबलचक, थांबून थांबून.

"हॉर्न नका वाजवू," बाबा म्हणाले. "कुणी येणार न्हाई."

"का नाही येणार? आत्ता तर वस्ती गेली. चूल पेटलेली होती, म्हणजे लोक असतीलच जवळपास." एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं म्हणायचं.

"तुमच्या गाडीला भिऊन पळालेत ते," बाबा म्हणाले. मग त्यांनी सावकाश सांगितलं. या जंगलात नक्षलवादी आहेत. पोलीस त्यांना शोधायला अशाच जीपमधून येतात आणि त्यांना जेवू घातलं म्हणून गावातले पुरुष उचलून नेतात. पोलीस गेले की दुसरे येतात आणि विचारतात, पोलिसांना काय सांगितलंत. असली गाडी लांबून ऐकू आली की हातातलं काम टाकून माणसं झाडीत जातात. ज्यांना पळता येत नाही ती मागे राहतात.

"पण आपण काय पोलीस दिसतो का?" जावईबापू म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी जाकीट काढलं नाही. फावडं घेऊन चाकाशी दोन-चार वेळा खणलं, हात झटकले आणि वाळूच खराब आहे असा निकाल दिला. ऑस्ट्रेलियातली वाळू वेगळी होती म्हणे.

बहीण गाडीभोवती एक चक्कर मारून आली. आईबाबांसमोर ती त्यांना 'अहो' म्हणायची. त्या वेळी विसरली. "अरे, पुढच्या चकत्या लॉक केल्यास का तू?"

"तू गप्प बस!" ते एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या काठावरचे बगळे उडाले. "ज्यातलं कळत नाही त्यात तोंड घालायचं नाही, किती वेळा सांगितलंय? अक्कल आहे का काडीची?"

मी असले की ते जपून बोलतात, असं ती म्हणाली होती. हे जपून बोलणं असेल तर एरवीचं काय असेल, हा विचार माझ्या मनात आला आणि बाबांच्याही आला असावा. आई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. बाबा जावयाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी फावडं उचललं आणि चाकापुढची वाळू उपसायला सुरुवात केली. सत्तरीला आलेला माणूस, आणि तो खणतोय. मी हातांनी वाळू ओढू लागले, कारण दुसरं काही करायला मिळालं असतं तर मी त्या टोपीचंच काहीतरी केलं असतं.

बहीण पुढच्या चाकाशी गुडघ्यावर बसली. पदर कमरेला खोचला, चकती दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. खट्ट असा आवाज आला. पलीकडे जाऊन दुसरी फिरवली. मग उभी राहून, ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन म्हणाली, "आता दांडा ओढ."

आम्ही चाकांखाली सागाचे डहाळे आणि तो जहाजाचा दोरखंड घातला. जीप गुरगुरली, हलली, आणि चारही चाकांनी वाळू धरून एका दमात पलीकडच्या काठावर चढली.

आम्ही चालत गेलो. जावईबापू उतरून टायर बघत होते. "मी लॉक केलंच होतं," ते म्हणाले. "आपटून सैल झालं असणार."

"देवाची कृपा," आई म्हणाली.

संध्याकाळच्या आत आम्ही मार्कापूरला पोचलो, लॉजमध्ये उतरलो आणि दुसऱ्या दिवशी साध्या डांबरी रस्त्याने, हायवेने कुणीही जातं तसे, समुद्रावर गेलो.

आईला समुद्र आधी दिसलाच नाही. आकाशच खालपर्यंत आलंय असं तिला वाटलं. मग लाट फुटली आणि ती दचकून माझा हात धरून उभी राहिली. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ पाण्यात गेले. कितीतरी वेळ ते आमच्याकडे पाठ करून उभे होते. आईने ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि थुंकलं. "खरंच खारट आहे की ग!" ती म्हणाली, जणू इतकी वर्षं आम्ही तिला फसवत होतो.

जावईबापूंनी जीप वाळूवर आणून समुद्राकडे तोंड करून उभी केली, कॅमेरा तिकाटण्यावर लावला आणि सगळ्यांना हाका मारल्या. फोटोत जीप पूर्ण यायला हवी म्हणून आम्ही एका बाजूला दाटीने उभे राहायचं होतं. आई लगेच गेली. बाबा पाण्यातून आले नाहीत. बहीण माझ्याजवळच उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "मी ट्रेनने जाते. ताई आणि बाबांबरोबर."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जीपमध्ये बसत नाही."

"आणि मी एकटा जाऊ? लोकांना काय सांगू?"

"सांगा, आउटबॅकमध्ये हरवली," मी म्हणाले. ते बोलायला नको होतं असं तेव्हाही मला वाटलं नाही, आताही वाटत नाही.

आईने समजावलं, हात जोडले, माझ्याकडे बघून डोळे वटारले. बहीण हलली नाही. जीपच्या मागच्या बाकावरून तिने स्वतःची बॅग काढली. मग आईने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. जावयाला एकट्याला कसं पाठवायचं, म्हणून ती स्वतः जीपमध्ये चढून बसली. पुढच्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन. टोपीवाले जावईबापू आणि शेजारी डोक्यावर पदर घेतलेली माझी आई, असे दोघं हायवेने हैदराबादला गेले.

आम्ही चिराल्याला गाडी पकडली. जागा मिळाली नाही, दाराजवळ कुणाच्या तरी ट्रंकेवर बसलो. बाबांनी मिरचीभजी घेतली. बहीण खाताना म्हणाली, "त्या म्हातारीला भात मिळाला असेल ना नीट? मी उतरवला तेव्हा शिजत आला होता." बाबा म्हणाले, "हौ. मिळाला असंल."

नामपल्लीला उतरून घरी आलो तर आई आधीच पोचली होती. वाटेत जावईबापूंनी तिला उसाचा रस पाजला, ती झोपली तेव्हा गाडी सावलीला उभी केली, आणि सूर्यापेटजवळ विचारलं, "आई, तुम्ही सगळे माझ्यावर रागावलात का?"

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी म्हणलं, न्हाई हो."

बहीण तारनाक्याला थोडे दिवस राहिली आणि परत गेली. जाऊ नको असं मी म्हटलं. बाबा म्हणाले, तिचं तिला ठरवू दे. आईने बरोबर लोणच्याची बरणी दिली.

पुढे त्यांच्या घरी पार्टी झाली. कंपनीतले लोक आले होते. भिंतीवर चादर लावून नल्लमलाच्या स्लाइड्स दाखवल्या. चिंचेचं झाड आलं, झोपड्या आल्या, कोंबड्या आल्या. जावईबापू काडीने दाखवत सांगत होते, "कित्येक किलोमीटर माणूस नाही. टोटल आउटबॅक. आणि आपल्या हैदराबादपासून चार तासांवर!"

"माणसं होती," मी मागून म्हणाले. "तुम्हाला बघून पळाली."

कुणीतरी हसलं. विनोद वाटला त्यांना. मी मग सगळं सांगितलं, चुलीवरचा भात, म्हातारी, ती काय म्हणत होती ते. काही जण प्लेटमध्ये बघायला लागले. जावईबापूंनी पुढची स्लाइड लावली. ती समुद्राची होती. एक पाहुणा म्हणाला, "वा, वॉटर काय क्लिअर आहे!" आणि पार्टी पुढे चालू झाली.

बहीण स्वयंपाकघरात पापड तळत होती. मी गेले तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोललीस ते खरंच होतं, ताई. पण तू आता घरी जाशील. त्याचं तोंड रोज मला बघावं लागणार." मला वाटलं होतं, ती खूश होईल. मी चिमटा घेऊन पापड उलटवायला लागले.

त्यानंतर जावईबापू माझ्याशी फक्त 'नमस्कार' आणि 'येतो' एवढंच बोलतात. मला तेवढं पुरतं. बहिणीने अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायची नोकरी धरली. ती कामं तेव्हा हैदराबादेत नवी नवी आली होती. जावईबापूंना पसंत नव्हतं, पण घरात भांडून भांडून तिने ती टिकवली, आणि ऑफिसच्या वाटेवरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नावही घातलं.

एका रविवारी दुपारी खाली कसला तरी दणदणाट झाला म्हणून मी गॅलरीत आले. आमच्या फाटकाला तिरकी लागून ती हिरवी जीप उभी होती आणि माझी बहीण ड्रायव्हरच्या बाजूने उडी मारून उतरत होती. आई खालीच होती. तिने आधी गाडीत वाकून बघितलं.

"जावईबापू कुठंयत?"

"घरी आहेत. झोपलेत," बहीण म्हणाली. "जेवायला काय केलंय?"